ठेचा सोडू नका, ठेचा सुधारा

दवाखान्यातून आलेल्या माणसाला घरी सर्वात आधी एक वाक्य ऐकवले जाते, "तुझं तिखट आता बंद." रक्तदाब वाढला, तिखट बंद. पोटात जळजळ झाली, तिखट बंद. गुडघा दुखला तरीही कुणीतरी तिखटच बंद करायला सांगते. दोन दिवस फिक्की भाजी होते, तिसऱ्या दिवशी तव्यावर मिरच्या तडतडतात आणि खाणारा चोरून खाल्ल्यासारखा खातो.

आमचे म्हणणे असे की मिरचीवर नको ते आरोप ठेवले जातात आणि खरे दोषी ताटातच बसून राहतात. म्हणून या पाठात आम्ही तीन गोष्टी पाहणार आहोत: मिरची शरीरात काय करते, काय करत नाही, आणि आपल्या घरचे ठेचा, झुणका, सुकट, रस्सा हे आवडीचे पदार्थ चव न घालवता कसे सुधारायचे.

मिरची आपल्याकडे कधी आली?

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरे, पिंपळी, आले आणि मोहरी होती. म्हणजे भगवान बुद्धांच्या काळी या देशातल्या एकाही चुलीवर मिरची नव्हती. मिरे महाग होते. मिरची मात्र शेताच्या बांधावर, परसात, फुटक्या डब्यातही येते, वाळवली की वर्षभर टिकते. त्यामुळे ती गरिबाच्या घरात पक्की झाली.

आपल्या आजी-पणजीच्या ताटात तेल-तूप बेताचेच होते. भाजी रोज नव्हती. भाकरीबरोबर मीठ-मिरचीचा गोळा असला की कोरडी भाकर घशाखाली उतरायची. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच हे अपुरेपण आले आहे. ठेचा ही आपल्या कष्टाची चव आहे, तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण ज्या काळी दुसरे काही नव्हते त्या काळचे ताट आज डाळ, अंडी, भाजी आणणे शक्य असताना तसेच्या तसे चालू ठेवण्याचेही कारण नाही.

तिखटपणा म्हणजे काय?

मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. ते बियांत असते असे आपण समजतो. खरे तर ते सर्वात जास्त असते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते लागून येते इतकेच. म्हणून मिरची उभी चिरून ती पांढरी शीर सुरीने खरवडली की तिखटपणा बराच उतरतो आणि मिरचीचा स्वाद मात्र राहतो. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी ही पहिली युक्ती.

आपल्या जिभेवर आणि त्वचेवर उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. कॅप्सेसिन नेमके त्यांनाच चेतवते. म्हणून काहीही भाजलेले नसताना "भाजले" असा निरोप मेंदूला जातो, घाम येतो, नाक वाहते. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाला 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि दुधातल्या स्निग्धांशात विरघळते. तोंड भाजले की आपण तांब्याभर पाणी पितो आणि जळजळ तोंडभर पसरते. त्यापेक्षा दोन चमचे दही, घोटभर दूध किंवा ताक घ्यावे. हात चुरचुरत असतील तर आधी थोडे खाण्याचे तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. मिरची चिरलेल्या हाताने डोळे चोळू नयेत, बाळाला उचलू नये.

एका खोलीच्या घरात मिरचीच्या फोडणीचा ठसका सगळ्यांनाच लागतो. दम्याच्या माणसाला किंवा लहान मुलाला त्याने खरा त्रास होतो. मिरच्या भाजताना दार-खिडकी उघडावी, आच मंद ठेवावी, तव्यावर झाकण ठेवावे आणि दम्याच्या माणसाला तेवढा वेळ बाहेर बसवावे.

मिरचीत चांगले काय आहे?

हंगेरी देशातले अल्बर्ट सेंट-जॉर्जी हे शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाचा शोध घेत होते. प्रयोगाला पुरेल इतके जीवनसत्त्व त्यांना मिळाले ते तिथल्या सेगेड गावच्या मिरचीतून. पुढे 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताज्या हिरव्या मिरचीत वजनाच्या मानाने लिंबापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असते. पण हिशोब नीट केला पाहिजे. आपण दिवसाला दोन-चार मिरच्या खातो, त्यातून मिळणारे जीवनसत्त्व थोडेच. ढोबळी मिरचीचे तसे नाही. ती लवंगी मिरचीच्याच कुळातली, पण तिच्यात तिखटपणा नसतो, त्यामुळे ती भाजी म्हणून पोटभर खाता येते. शंभर ग्रॅमची एक ढोबळी मिरची कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाल्ली तर एका माणसाची दिवसाची क जीवनसत्त्वाची गरज जवळजवळ भागते. फार शिजवले तर ते बरेचसे नष्ट होते.

क जीवनसत्त्वाचे आपल्या घरांसाठी महत्त्व वेगळेच आहे. बाजरी, डाळी, हरभरा, पालेभाज्या यांत लोह असते, पण ते शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच घासाबरोबर लिंबू, ढोबळी मिरची, पेरू, आवळा असे काही असले तर लोह जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा प्यायला तर शोषण कमी होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या वस्तीत याचे एक कारण रोज रात्री दिसते. सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई बसते तेव्हा पातेल्यात डाळ उरलेली नसते. "मला काय, ठेचा आहे ना," असे म्हणून ती जेवते. त्या ताटात पोट भरते, पण रक्त वाढेल असे त्यात फार थोडे असते. ठेचा जिभेला समाधान देतो आणि ताटातले उणे झाकतो. सुधारणा इथून सुरू व्हायला हवी: वाढण्याआधीच घरातल्या बाईची डाळ-भाजीची वाटी बाजूला काढून ठेवावी, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावे.

अल्सर आणि ॲसिडिटी

मिरची खाऊन पोटात व्रण पडतात, ही समजूत फार जुनी आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिले की जठराच्या बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. 2005 चे नोबेल पारितोषिक त्यांना यासाठीच मिळाले. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. कंबर दुखली, डोके दुखले, दिवसभर उभ्याने काम झाले की दुकानातून गोळी आणायची आणि उपाशी पोटी घ्यायची, ही सवय ठेच्यापेक्षा कितीतरी घातक आहे.

याचा अर्थ मिरची सर्वांना सोसते असा नाही. आधीच व्रण असेल, आम्लपित्त असेल, मूळव्याध किंवा फिशर असेल तर तिखटाने आग वाढते. अशांनी तिखट कमी करावे, रात्री उशिरा तिखट खाऊन लगेच आडवे होऊ नये. कुणाला किती सोसते हे ज्याचे त्याने आठवडाभर पाहून ठरवावे.

काही लक्षणे मात्र "तिखट जास्त झालं" म्हणून सोडून देऊ नयेत. डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, यांसाठी ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये तर तो पुष्कळदा केवळ मळमळ, धाप आणि फार थकवा अशा रूपात येतो, आणि घरचे सोडा-लिंबू देऊन झोपवतात. अशा वेळी 108 ला फोन करावा.

खरा दोषी: मीठ

रक्तदाब वाढतो त्यामागे मिरचीच्या तिखटपणाचा दोष मानला जात नाही. दोष आहे तो मिरचीबरोबर जाणाऱ्या मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, तोही काठोकाठ नाही. त्यात भाजी, भाकर, लोणचे, पापड, फरसाण, वडापाव सगळे आले.

तुमच्या घरात किती मीठ जाते हे पाहायला डॉक्टर नको. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला जास्तीत जास्त 600 ग्रॅम मीठ पुरायला हवे (4 माणसे, रोज 5 ग्रॅम, 30 दिवस). मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. ती महिन्याच्या आत संपत असेल तर मीठ जास्त होते आहे. बाहेरच्या खाण्यातले मीठ या हिशोबात धरलेलेच नाही.

तेलाचेही असेच. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुष्कळ झाले. चार माणसांना दोन लिटर.

"कमी सोडियमचे मीठ" म्हणून विकले जाते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आता चुलीपाशी: चार पदार्थ

1. सुधारलेला ठेचा (चार जणांना)

पुष्कळ घरांत पंधरा-वीस लवंगी मिरच्या, दोन चमचे मीठ आणि पळीभर तेल असा ठेचा होतो. तो चौघांनी एका जेवणात संपवला तर दिवसाचे निम्मे मीठ त्यातच गेले. आता असे करून पाहा. कमी तिखट, जाड सालीच्या हिरव्या मिरच्या आठ-दहा, लसणाच्या दहा पाकळ्या, भाजलेले शेंगदाणे दोन मुठी (साधारण 50 ग्रॅम), देठांसकट मूठभर कोथिंबीर, चहाचा अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल, अर्धे लिंबू.

मिरच्यांना सुरीने एकेक चीर द्यावी, म्हणजे तव्यावर फुटून उडत नाहीत. लोखंडी तव्यावर तेल टाकून मिरच्या आणि लसूण मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजावा. तव्यावरच वाटीच्या बुडाने किंवा खलबत्त्यात जाडसर ठेचावे. मग शेंगदाणे घालून पुन्हा ठेचावे. कोथिंबीर शेवटी. मीठ सर्वात शेवटी वरून मिसळावे. वरच्यावर असलेले मीठ जिभेला चटकन लागते, म्हणून थोडे पुरते. तव्यावरून काढल्यावर लिंबू पिळावे. आंबटपणा मिठाची उणीव भरून काढतो आणि क जीवनसत्त्वही देतो.

हा ठेचा त्याच दिवशी संपवावा. फ्रिज असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल. लसूण तेलात बुडवून बाहेर अनेक दिवस ठेवू नये, त्यात घातक जंतू वाढू शकतात.

2. पीठ पेरून ढोबळी मिरची

झुणक्याचा हा भाऊच. दोन मोठ्या ढोबळी मिरच्या, एक कांदा, वाटीभर बेसन, दोन चमचे तेल, मोहरी, जिरे, हळद, अर्धा चमचा तिखट, बेताचे मीठ.

या भाजीला तेल फार लागते अशी तक्रार असते, कारण कच्चे पीठ तेल पिते. म्हणून बेसन आधी कोरडेच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून घ्यावे. मग कढईत फोडणी करून कांदा आणि मिरचीचे चौकोनी तुकडे तीन-चार मिनिटेच परतावे. मिरची करकरीत राहिली पाहिजे. हळद, तिखट, मीठ घालून भाजलेले पीठ पेरावे, वरून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. पाच मिनिटांनी हलवून पुन्हा एक हबका. पीठ मोकळे आणि मऊ होते. शंभर ग्रॅम बेसनात साधारण 20 ग्रॅम प्रथिने असतात. ढोबळी महाग असेल त्या दिवशी कोबी, मेथी किंवा कांद्याची पात घ्यावी.

3. सुकटीची चटणी

सुकट म्हणजे स्वस्तात मिळणारी प्रथिने, आणि ती सालीसकट खाल्ली जात असल्याने थोडा चुनाही, म्हणजे कॅल्शियम. अडचण दोन: वाळू आणि मीठ. सुकट आधी निवडून डोकी-शेपट्या खुडाव्या, कोरडीच मंद आचेवर भाजावी, मग कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून दोन पाण्यांनी धुवावी. वाळू खाली बसते, बरेचसे मीठ पाण्यात उतरते. दोन कांदे, एक टोमॅटो, लसूण, एक चमचा तेल आणि अर्धा चमचा तिखट यांवर ती परतावी. वरून मीठ घालण्याआधी चाखून पाहावे. बहुतेक वेळा लागत नाही. खारवलेले बोंबीलही असेच भिजवावे. कोळंबी-सुकटीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी यापासून दूर राहावे.

4. रविवारचा रस्सा

मटण असो, चिकन असो की अंडी, आपल्याकडे रस्सा तर्रीने ओळखला जातो. तर्री म्हणजे वर तरंगणारे तेल आणि त्यात उतरलेला मिरचीचा रंग. लाल रंग हवा असेल तर तेल वाढवण्यापेक्षा मिरची बदलावी. ब्याडगी आणि काश्मिरी मिरची रंग जास्त आणि तिखट कमी देते. तीन भाग ब्याडगी आणि एक भाग लवंगी किंवा तत्सम तिखट मिरची, असे मिश्रण रश्शाला पुरेसे लाल आणि सोसवेल इतके तिखट होते.

कांदा आणि सुके खोबरे तेलात तळण्यापेक्षा तव्यावर किंवा थेट आचेवर भाजून वाटावे. अर्धा किलो मटणाला दोन मोठे चमचे तेल पुरते, कारण मटणाची चरबीही सुटते. रस्सा झाल्यावर वरची तर्री डावाने एका वाटीत काढावी. ज्याला हवी त्याने चमचाभर घ्यावी, उरलेली दुसऱ्या वेळच्या डाळीला फोडणी म्हणून वापरावी. रस्सा वाढवायला पाण्याबरोबर मूठभर मसूर शिजवून घोटून घातली तर तो दाट होतो आणि सगळ्यांना पुरतो. बरोबर कांदा-काकडी आणि लिंबू हवेच.

वर्षाचे तिखट

मार्च ते मे हे तिखट करण्याचे दिवस. मिरची घेताना ती हातात चुरचुर मोडावी, देठ असावे, काळे-पांढरे डाग नसावेत. दमट मिरचीवर बुरशी येते आणि काही बुरशींचे विष दळल्यावरही जात नाही, यकृताला अपाय करते. म्हणून स्वस्तातली डागी मिरची घेऊ नये. स्वच्छ कापडावर कडकडीत वाळवून मगच डंखावर न्यावी. बरणी कोरडी असावी, चमचा कोरडाच घालावा.

सुटे तिखट घेत असाल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वरून चिमूटभर टाकावे. रंगाच्या रेघा पाण्यात झरझर उतरल्या तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. तळाशी खरखरीत गाळ बसला आणि बोटांत चोळून विटेसारखा लागला तर भेसळ समजावी. सुदान नावाचा लाल रंग खाण्यात घालायला बंदी आहे. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

वस्तीतल्या अनेक बायका मिरचीचे देठ खुडण्याच्या आणि कांडपाच्या कामावर जातात. भिवापूर, नंदुरबार भागात तर हंगामात हे मोठे काम असते. या बहिणींनी कामाआधी हातांना खोबरेल चोळावे, नाका-तोंडाला सुती कापडाची दुहेरी घडी बांधावी, हातमोजे मालकाकडून मागून घ्यावेत. घरी आल्यावर आधी हात-तोंड साबणाने धुवावे, कपडे बदलावे, मगच तान्ह्याला जवळ घ्यावे. सततचा खोकला किंवा दम लागत असेल तर तपासून घ्यावे.

मुलांचे ताट

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात वरून मीठ-तिखट घालू नये. मोठ्या मुलांसाठी फोडणीआधीच डाळ-भाजी थोडी वेगळी काढावी. "आमचा पोरगा तिखटाशिवाय जेवत नाही" असे कौतुकाने सांगितले जाते. तो तिखट पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटातून शिकलेला असतो आणि त्या पाकिटात मीठ व तेलच मुख्य असते. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे-फुटाण्यांवर लिंबू आणि चिमूटभर तिखट टाकून द्यावे.

या महिन्यात करून पाहा

पहिल्या आठवड्यात मिठाच्या पिशवीवर आणि तेलाच्या डब्यावर तारीख लिहा. दुसऱ्या आठवड्यात ठेच्यातले मीठ निम्मे करा, शेंगदाणे आणि लिंबू घाला. मीठ हळूहळू कमी केले की जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते. तिसऱ्या आठवड्यात रश्शाची तर्री वेगळी काढा. चौथ्या आठवड्यात घरातल्या तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि घरातल्या मुली-बायकांचे हिमोग्लोबिन जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ कमी केले म्हणून ती मनाने बंद करू नका.

आणि रोज रात्री भाकरी थापणारीच्या ताटात ठेच्याशेजारी डाळीची वाटी आहे का, एवढे पाहा.